चाळीस कण्हेरी : रोपांना पैकीच्या पैकी, विक्रेत्याला काठावर पास

२०२३ च्या जूनअखेरीस, त्या वर्षी बराच रेंगाळलेला पाऊस एकदाचा सुरू झाल्यावर, आम्ही करवीर तालुक्यातल्या आमच्या शेतघराभोवती कुंपण म्हणून गुलाबी कण्हेरीची ४० रोपे लावली. झुडपाचे परीक्षण पहिल्या आठवड्यात लिहिण्यात अर्थ नसतो. त्याने किमान दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काढलेले असावेत, एकदा तरी त्याची छाटणी झालेली असावी आणि घरातल्या माणसांइतकाच गोठ्यातल्या जनावरांचाही त्याच्याशी संबंध आलेला असावा. आमच्याकडे हे सगळे होऊन गेले आहे, आणि शेवटचा संबंध ज्या रीतीने आला त्यामुळेच हे लिहावे लागत आहे. रोपे जिथून घेतली ती रोपवाटिका कोल्हापूर शहराबाहेर महामार्गालगत आहे. तिचे नाव मी देत नाही, कारण माझी तक्रार एकट्या त्या दुकानाला लागू नाही, हे मी नंतर स्वतः फिरून पाहिले. शिवाय त्या मालकांशी आमचा व्यवहार अजूनही चालू आहे.

आधी चांगले ते सांगते. रोपवाटिका स्वच्छ आहे, हिरव्या जाळीखालची आणि उघड्यावरची रोपे वेगळी लावलेली आहेत, आणि मालक गिऱ्हाइकाला घाई करत नाहीत. कण्हेरीचे दोन फुटी रोप आम्हाला ६० रुपयांना मिळाले. त्यांनी एक पिशवी आपणहून फाडून मुळ्या दाखवल्या. त्या पांढऱ्या, मोकळ्या होत्या, पिशवीच्या तळाशी गोल गुंडाळलेल्या नव्हत्या. वर्षभर पडून राहिलेला माल पावसाळ्याच्या तोंडावर नवा म्हणून खपवण्याची चाल या धंद्यात इतकी सर्रास आहे की, ही एक पिशवी फाडणे मला मोठ्या प्रामाणिकपणाचे वाटले. सगळी रोपे फाटे कलमाची, म्हणजे एकाच मातृवृक्षाच्या फांद्यांपासून केलेली होती. त्यामुळे ४० पैकी एकाही झाडाचा रंग वेगळा निघाला नाही. बियांपासून केलेल्या रोपांत ही खात्री नसते. फुले दुहेरी पाकळ्यांची, फिक्या गुलाबी रंगाची आणि मंद वासाची आहेत. छोटा हत्ती त्यांनीच ठरवून दिला, वर दोन रोपे जास्तीची टाकली, आणि दीड फुटाचा खड्डा, खाली शेणखत, पाच फुटांचे अंतर, पाणी साचू द्यायचे नाही, एवढ्या चार सूचना नीट समजावून सांगितल्या. त्या चारही बरोबर होत्या.

झाडाबद्दल तर तक्रारीला जागाच नाही. पहिल्या पावसाळ्यात ४० पैकी दोनच रोपे गेली, ती जास्तीच्या दोन रोपांनी भरून काढली. दुसऱ्या वर्षी झाडे माझ्या डोक्याच्या वर गेली आणि रस्त्याच्या बाजूने घर दिसेनासे झाले. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पाणी दिले तरी पुरते. पान पिवळे पडत नाही आणि धूळ बसली तरी झाड मलूल होत नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या दुभाजकात मैलोन्‌मैल कण्हेर दिसते ती उगीच नाही. धूर, धूळ, डांबराची धग आणि टँकरचे अवचित पाणी या सगळ्यांत टिकून वर्षभर फुलणारी झुडपे आपल्या हवेत थोडीच आहेत, आणि गुरेढोरे रस्त्यावर आली तरी या हिरव्या पानाला सहसा तोंड लावत नाहीत, हा त्यातला मोठा गुण समजला जातो.

वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्या कोणालाही कण्हेरीचे पान विसरता येत नाही. प्रात्यक्षिकाच्या तासाला गाजराच्या तुकड्यात पान धरून रेझरने त्याचे पातळ छेद घ्यायचे, सॅफ्रॅनिनने ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी आकृती वहीत काढायची. वर जाड मेणचट थर, त्याखाली एकाऐवजी दोन-तीन पदरी बाह्यत्वचा, आणि पानाच्या खालच्या अंगाला केसाळ खड्ड्यांत लपवून ठेवलेली रंध्रे. पाणी जपून वापरणाऱ्या वनस्पतीचे ते ठरलेले उदाहरण होते आणि परीक्षेत हमखास येत असे. मी ती आकृती किमान वीस वेळा काढली असेल. हेच पान जनावराच्या पोटात गेले तर काय होते, हे मात्र त्या वहीत एकदाही लिहावे लागले नाही, याची आठवण मला नंतर वारंवार झाली.

किडीचा त्रास किरकोळ आहे. कोवळ्या शेंड्यांवर पिवळ्याधमक माव्याची रांग लागते, ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जाते. पावसाळ्यात पानाखाली चांदीचा मुलामा दिल्यासारखे चकचकीत कोष लटकलेले दिसतात. ते हबशी नावाच्या तपकिरी फुलपाखराचे असतात, आणि त्याच्या अळ्या ही विषारी पाने खाऊन स्वतः पाखरांना कडू लागतात. माझ्या मुलीने एका श्रावणात असे नऊ कोष मोजले होते. निव्वळ शोभेचे झाड म्हणून गुण द्यायचे तर मी पाचपैकी पाच देईन, आणि तेवढ्यापुरते ते आजही मागे घेणार नाही.

आता त्या पाचव्या सूचनेकडे येते, जी आम्हाला मिळाली नाही. रोपे घेताना मी मालकांना स्पष्ट सांगितले होते की घरी दोन म्हशी, एक रेडी आणि तीन शेळ्या आहेत, आणि कुंपणाची एक बाजू गोठ्याच्या भिंतीपासून जेमतेम दहा फुटांवर येईल. त्यावर त्यांचे उत्तर होते, "मग तर ताई, ह्याच्यासारखं दुसरं न्हाई. बिनधास्त लावा. शेळीसुद्धा तोंड लावत न्हाई ह्येला." या वाक्यात खोटे काहीच नव्हते. शेळी तोंड लावत नाही, हे आम्ही पुढची पावणेदोन वर्षे रोज पाहिले. आमची सर्वांत आगाऊ शेळी जास्वंदीचा शेंडा आणि लिंबाची कोवळी फूट ओरबाडून खात असे. ती कण्हेरीपाशी येऊन पान हुंगायची आणि तोंड फिरवायची. हिरवे पान कडू असते आणि तो कडूपणाच जनावराला वाचवतो. मात्र तोंड लावत नाही म्हणजे खाल्ले तरी चालते, असा दुसरा अर्थ आम्ही त्या वाक्यातून आपोआप काढला. विक्रेत्याने तो काढू दिला, कारण बहुधा त्यानेही तोच काढला होता.

सासूबाई तेव्हा मुंबईला नणंदेकडे होत्या. परत आल्यावर ओळीने लावलेली रोपे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "कण्हेर देवळाच्या आवारात असती, दावणीम्होरं कुणी लावत न्हाई." का लावत नाहीत, असे मी विचारले तेव्हा त्यांना कारण सांगता आले नाही, आणि कारण नाही म्हणून मी ते मनावर घेतले नाही. शिकलेल्या सुनेची ही खोड आहे.

कारण तर आमच्या पत्त्यातच लिहिलेले होते. करवीर हे कण्हेरीचेच संस्कृत नाव. ज्या तालुक्यात आम्ही राहतो त्याचे नाव करवीर, अंबाबाई करवीरनिवासिनी, आणि कोल्हापूरच्या निम्म्या जुन्या संस्थांच्या पाट्यांवर हाच शब्द. गावाच्या नावाची व्युत्पत्ती देवीच्या कथेतून वेगळीही सांगितली जाते, त्या वादात मी पडत नाही. पण अमरकोशात करवीराला जी पर्यायी नावे दिली आहेत त्यांत एक हयमारक, म्हणजे घोडा मारणारा, असे आहे. सुश्रुतसंहितेत मुळाशी विष असलेल्या वनस्पतींच्या यादीत हीच अश्वमार म्हणून येते. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी घोडे मरताना पाहिले असणार. आपण नाव ठेवले, पाट्या रंगवल्या आणि अर्थ विसरलो.

२०२५ च्या मार्चमध्ये कुंपण बरेच वाढले म्हणून आम्ही पहिली मोठी छाटणी केली. उसाचा हंगाम संपत आला होता आणि वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळणे बंद झाले होते. छाटलेल्या फांद्या दोन दिवसांत उचलायच्या असे ठरवून गोठ्यामागे, कडब्याच्या गंजीशेजारी टाकल्या आणि त्या तिथेच राहिल्या. तीन आठवड्यांच्या उन्हात पाने वाळून गळाली. वाऱ्याने काही गंजीच्या बुडाशी साचली, काही वैरणीच्या पेंढ्यांत शिरली. वाळलेले कण्हेरीचे पान लांबट, करडे आणि कडेने मुडपलेले असते. कडब्याच्या पातीत ते पडले तर वेगळे म्हणून डोळ्यांना दिसत नाही. एप्रिलच्या मध्यावर एका संध्याकाळी गंजीच्या तळचा उरलासुरला कडबा गोळा करून तो कुट्टीच्या यंत्रातून काढला. कुट्टी करणारी मीच होते.

कडबाकुट्टी हे यंत्र आमच्या भागात घरोघर आहे आणि त्याने वैरण वाचते, यात शंका नाही. पण त्याचा दुसरा परिणाम मला त्या दिवशी कळला. अखंड कडबा पुढे टाकला तर जनावर जिभेने निवडून खाते, नको ते बाजूला सारते आणि गव्हाणीत मागे ठेवते. अर्ध्या इंचाच्या तुकड्यांत मात्र निवड करता येत नाही. त्यातच कण्हेरीचे पान वाळले की त्याचा कडूपणा पुष्कळ कमी होतो. विष मात्र तसूभरही कमी होत नाही. हिरव्या झाडाला जनावर वास घेऊन नाकारते, आणि तेच झाड वाळून, चिरून, वैरणीत मिसळून पुढे आले तर मुकाट्याने खाते. रोपवाटिकेतल्या त्या खऱ्या वाक्यातला अपुरेपणा नेमका एवढ्यात होता.

त्या संध्याकाळी म्हशींनी आधीच हिरवा मका खाल्ला होता, म्हणून कुट्टीचा मोठा वाटा रेडीपुढे आणि शेळ्यांपुढे पडला; एका म्हशीने थोडेसे चाखले. रात्री अकराच्या सुमारास धाकटी शेळी दात खाऊ लागली, पोटाकडे वळून पाहू लागली आणि तिला पातळ, रक्ताळ हगवण लागली. पहाटेपर्यंत तिचे पाय आणि कान गार पडले, आणि उजाडण्यापूर्वी ती गेली. सकाळी रेडी बसून होती, उठवली तरी उठत नव्हती आणि रवंथ थांबले होते. शेजारच्या दोघांनी जनावर लागले, म्हणजे साप चावला, असे निदान केले. तिसऱ्याने कॅल्शियमची बाटली लावा म्हणून धोशा लावला. आमच्याकडे दुभते जनावर बसले की कॅल्शियम, हे इतके रुजले आहे की न व्यालेल्या रेडीलाही कोणी तेच सुचवते.

पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आठच्या सुमारास आले. त्यांनी रेडीच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि मग नळी माझ्या हातात दिली. चार ठोके सरळ पडत, मग एक जागा रिकामी जाई, मग घाईघाईने दोन पडत आणि पुन्हा एक मोठी रिकामी जागा. त्यांनी कॅल्शियमला ठाम नकार दिला आणि वैरणीत काय होते ते दाखवायला सांगितले. गव्हाणीतली उरलेली कुट्टी आम्ही खताच्या पांढऱ्या पोत्यावर पसरली आणि बोटांनी चाळू लागलो. त्यात चिवट, जाड मध्यशिरेचे काही तुकडे निघाले. त्या शिरेपासून कडेपर्यंत, कंगव्याच्या दातांसारख्या, एकमेकींना अगदी खेटून गेलेल्या बारीक समांतर शिरा होत्या. तो तुकडा डॉक्टरांच्या आधी मी ओळखला. वीस आकृत्यांचा तेवढा उपयोग झाला.

शेळीचे शवविच्छेदन त्यांनी तिथेच केले आणि पोटातही तसेच तुकडे निघाले. मग रेडीला आणि दोन्ही शेळ्यांना नळीवाटे औषधी कोळशाची भुकटी पाण्यात कालवून पाजली. तो कोळसा विष धरून ठेवतो आणि आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही, असे त्यांनी सांगितले. रेडीचे ठोके फार मंदावले तेव्हा ॲट्रोपिनचे इंजेक्शन दिले आणि तिला जागेवरून हलवू नका, पळवू नका, अशी ताकीद दिली. ताण पडला की असे हृदय एकाएकी बंद पडते. रेडी चौथ्या दिवशी उठून उभी राहिली. दोन्ही शेळ्या आठवडाभर मलूल होत्या, पण वाचल्या. ज्या म्हशीने थोडेसेच खाल्ले होते तिला काहीच झाले नाही, तरी हे विष दुधात उतरते म्हणून डॉक्टर म्हणतील तोपर्यंत तिचे दूध डेअरीला घातले नाही आणि घरातही घेतले नाही. ते खड्ड्यात ओतले.

या विषाचे काम कसे चालते ते डॉक्टरांनी अंगणात बसून सांगितले. कण्हेरीच्या मुळापासून फुलापर्यंत सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात, त्यांतले प्रमुख ओलिअँड्रिन. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीवर सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. हे विष तो पंप अडवते. पेशीत सोडियम साचले की त्यामागोमाग कॅल्शियमही साचते, आणि ठोक्यांची लय बिघडते. माणसांना हृदयविकारावर देतात ते डिगॉक्सिन याच जातीचे औषध आहे, फरक मात्रेचा. म्हणूनच अशा जनावराला बाहेरून आणखी कॅल्शियम शिरेतून देणे धोक्याचे असते. सकाळी शेजाऱ्यांनी धरलेला आग्रह आम्ही मानला असता तर रेडीही हातची गेली असती, हे त्यांनी बोलून दाखवले नाही, पण मला समजले. मात्रा किती लागते असे मी विचारले. वाळलेली पाने जनावराच्या वजनाच्या ०.००५ टक्के पोटात गेली तरी गाय, म्हैस किंवा घोडा दगावू शकतो. ४०० किलोच्या म्हशीला हा हिशेब २० ग्रॅमचा होतो, म्हणजे साधारण दहा ते वीस पाने. आमच्या एकेका झाडाच्या छाटणीत याहून कितीतरी पटींनी पाने निघाली होती.

महिन्याभराने मी पुन्हा त्या रोपवाटिकेत गेले. भांडायला गेले नव्हते, आणि मालकांनीही हुज्जत घातली नाही. ते सगळे ऐकून म्हणाले की, वीस वर्षांत हजारो कण्हेरी विकल्या, महामार्गाच्या ठेकेदारांना ट्रकने दिल्या, पण अशी तक्रार कधी आली नाही. मला ते खरे वाटते. ज्याच्या घरी जनावर मरते तो वैरणीला दोष देतो, सापाला देतो, करणीला देतो. झाड विकणाऱ्यापर्यंत बोट जातच नाही. त्यांनी पैसे परत देऊ केले, मी घेतले नाहीत, कारण रोपे वाईट नव्हती. एक मागणी मात्र केली. कण्हेरीच्या वाफ्यापुढे "छाटणी जनावरांपासून लांब टाकावी, वाळलेला पाला विषारी" एवढी पाटी लावा, असे म्हटले. त्यावर ते हसून म्हणाले, "ताई, विषारी लिहिलं तर रोप कोण घेईल?" काठावरचे गुण मी दिले आहेत ते या वाक्यासाठी.

त्यानंतरच्या पंधरवड्यात मी शहराच्या आसपासच्या आणखी चार रोपवाटिकांत साधे गिऱ्हाईक म्हणून गेले आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न विचारला: घरी म्हशी आणि शेळ्या आहेत, गोठ्यालगत कुंपणाला काय लावू? तिघांनी पहिले नाव कण्हेरीचे घेतले आणि तिघांचेही कारण तेच होते, जनावरे तोंड लावत नाहीत. त्यांतल्या एकाने जोडीला बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर सुचवली. तिच्या बियांत याच प्रकारचे विष आणखी जहाल असते, आणि त्या टणक बिया खेळायला घेऊन आमच्या पिढीची निम्मी सुट्टी गेली आहे, हे आठवून मला आताही कसेसे होते. दुसऱ्याकडे रंगीत लँटानाच्या कुंड्या सुरेख मांडल्या होत्या. राधानगरीच्या बाजूला रानोमाळ माजलेल्या घाणेरीचेच ते बुटके, शहरी भावंड. घाणेरी खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडते आणि उन्हात त्यांची कातडी भाजल्यासारखी सोलवटते, हे गुराख्यांना माहीत असते. मात्र कुंडीत बसून लँटाना नाव मिळाले की तिच्याकडे त्या नजरेने कोणी पाहत नाही. चौथ्या ठिकाणी गल्ल्यावर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी मला आधी विचारले, "जनावरं बांधलेली असत्यात का मोकळी?" मग कण्हेर नको, अडुळसा न्या, म्हणाल्या. पाचांत एक हे प्रमाण फार वाईट नाही, असे यजमान म्हणतात. मला ते वाईटच वाटते.

हे झाड कोणी विकू नये, असे माझे म्हणणे नाही. रस्त्याच्या दुभाजकात, बंगल्याच्या कडेला, जिथे जनावर नाही आणि रांगते मूल नाही, तिथे कण्हेरीइतके कमी निगेचे फुलझाड मिळणे कठीण आहे. लाल आणि पांढरी कण्हेर देवाला चालते, आणि गणपतीच्या २१ पत्रींत करवीराचे पान असतेच. तीही एक सांभाळण्याची जागा आहे, कारण विसर्जनानंतर पत्री निर्माल्य म्हणून बाजूला ठेवली जाते आणि चार दिवसांनी दूर्वा, आघाडा, केळीची पाने यांच्यासकट शेळीपुढे टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. तोपर्यंत त्यातली कण्हेर वाळलेली असते, आणि त्याच जुडीत रुई आणि धोतराही असतो. यंदाच्या गणेशोत्सवात आम्ही निर्माल्य थेट खड्ड्यात पुरले. छाटलेल्या फांद्या जाळूही नयेत, कारण धूरही बाधतो.

कुंपणाचे काय केले ते सांगून थांबते. गोठ्याच्या बाजूची १४ झाडे मुळासकट काढली. खणताना हातमोजे घातले, फांद्या त्याच दिवशी ट्रॅक्टरने नेऊन वापरात नसलेल्या खाणीत टाकल्या आणि वर माती लोटली. रस्त्याकडेची २६ झाडे ठेवली आहेत. त्यांची छाटणी आता वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या तोंडावर करतो आणि खाली ताडपत्री अंथरल्याशिवाय कात्री लावत नाही, कारण गळलेली पाने वेचण्यापेक्षा ताडपत्री उचलणे सोपे जाते. कडब्याची गंज कुंपणापासून साठ फूट लांब नेली. रिकाम्या झालेल्या बाजूला अडुळसा लावला आहे. शेळ्या त्यालाही तोंड लावत नाहीत. पण तो विषारी नाही, आणि खोकल्याच्या काढ्याला पाने घरचीच मिळतात, म्हणून सासूबाई खूश आहेत. फूल पांढरे, साधे, कण्हेरीच्या पासंगालाही न पुरणारे. ही ३० रोपे मी त्याच पहिल्या रोपवाटिकेतून घेतली, कारण पिशवी फाडून मुळ्या दाखवणारे अजून तरी तेच एक आहेत. कण्हेरीच्या वाफ्यापुढे पाटी नव्हती. बिल करताना मालकांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाला मात्र विचारले, "घरात जनावरं हैत का?" त्याच्या हातात कण्हेरीची दोन रोपे होती. तो नाही म्हणाला, आणि घेऊन गेला.